पुटाणीचं जेवण आधी

बेंगळुरूच्या बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागले, की माझी परीक्षा जवळ आलेली असते. कार्तिक सरत येतो, नंदीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना पोती सुटतात, भाजक्या शेंगांचा वास मेट्रोच्या जिन्यापर्यंत चढतो आणि कॉलेजला जाताना चपलांखाली टरफलं चुरचुरत राहतात. वर्गातल्या मुली शेंगा फोडत उत्तरं पाठ करतात. मीही करते. पण तो वास नाकात शिरला की वाचत असलेली ओळ सुटते आणि मी गेल्या वर्षीच्या कार्तिकात जाऊन पोचते. त्या महिन्यात आमच्या घरात, कुणी आधी जेवायचं यावरून भांडण झालं. ते एका कुत्रीपायी झालं, आणि ती कुत्री आमच्याकडे राहणार की जाणार हे त्या भांडणावर ठरायचं होतं.

हे लिहिण्याइतकं मोठं आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काय लिहावं आणि काय घरात ठेवावं हे सांगायला कुणी नाही. तरी लिहिते.

आम्ही मूळचे मुधोळकडचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. अप्पा शहराच्या कडेला पीण्या भागात एका छोट्या कारखान्यात लेथ चालवतात आणि त्याच भागात, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आमची खोली आहे. आमच्या गावाकडे कुत्रा म्हणजे उंच, सडपातळ, पोट आत गेलेला, सशामागे सुटला की डोळ्याला न दिसणारा. माझ्या थोरल्या काकांकडे अशी तीन कुत्री आहेत, त्यातली लाडकी बिजली. गावात त्यांना लोक त्यांच्या नावापेक्षा बिजलीचा मालक म्हणून जास्त ओळखतात. आमच्याकडे कुत्रं उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि त्याची भाकरी सगळ्यात शेवटी असते. घरातल्या सगळ्या माणसांची जेवणं झाली की तव्यावरची शेवटची भाकरी त्याची. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कुत्र्यालाही नाही. ते वाट बघत दारात बसतं.

अशा घरात पुटाणी आली.

अप्पांच्या कारखान्याच्या मालकांची म्हातारी आई त्या दसऱ्यात वारली. तिची एक कुत्री होती, चिवावा जातीची. म्हातारी गेल्यावर ती तिच्या खुर्चीवरून उठेना, आणि उठवायला जाईल त्याला चावे. मालकांनी तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कारखान्यात आणलं आणि विचारलं, कुणी गावाकडे नेऊन सोडता का? सगळे हसले म्हणे. अप्पांनी काय विचार केला ठाऊक नाही. ते विचार सांगणाऱ्यातले नाहीत. संध्याकाळी ते सदऱ्याची वरची बटणं लावून, पोटावर हात धरून घरात आले.

"पोट दुखतंय काय?" आई म्हणाली.

"न्हाई. कुत्रं आणलंय."

"कुठाय कुत्रं?"

अप्पांनी एक बटण काढलं. आतून दोन कान आले. मग डोळे आले, डोक्याच्या मानानं फार मोठे. आणि मग ती आईवर भुंकली. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघाला, की शेजारच्या खोलीतलं पाण्याचं भांडं भरणं थांबलं.

"हे कुत्रं हाय?" आई म्हणाली. "पुटाणी हाय की." इकडे लहान पोरांना लाडानं पुटाणी म्हणतात. नाव तिथंच पडलं.

पहिले काही दिवस ती थरथरायची. आईला वाटलं ताप आहे. मग वाटलं भीती आहे. मग आईनं ओव्याची धुरी दिली, तेव्हा पुटाणी शिंकली आणि आईच्या बोटाला चावली. खरं म्हणजे ती थंडीनंही थरथरते, रागानंही थरथरते, आणि अप्पांची सायकल गल्लीत वळली की आनंदानंही थरथरते. आता आम्हा तिघांनाही हे तीन प्रकार बघताक्षणी ओळखता येतात. बेंगळुरूची नोव्हेंबरातली हवा तिच्या अंगाला लागते, कारण अंगावर केस नावापुरते आणि मांस त्याहून कमी. आईनं अप्पांच्या जुन्या माकडटोपीचा गळा कापून, त्यात पायांसाठी दोन भोकं पाडून तिला घातला. तो घालून ती गल्लीत उतरली आणि समोरून येणाऱ्या मालाच्या टेम्पोवर धावून गेली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, खाली वाकून बघितलं आणि अप्पांना विचारलं, "अण्णा, इदु नायीना, इलीना?" कुत्रं आहे की उंदीर, असं. अप्पा म्हणाले, "तुला काय वाटतं ते. पण ती हलणार नाही, तूच गाडी मागं घे."

त्यानं घेतली.

मला तिची ही गोष्ट पहिल्यापासून आवडली. वर्गात मला प्रश्न विचारायचा असतो आणि मी तो वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. सगळे बाहेर पडले की मॅडमच्या मागे जाऊन हळूच विचारते. आणि ही, जिला जोराचा वारा उलटं पाडू शकेल, टेम्पोला थांबवते. तिला आपण किती लहान आहोत हे कुणी सांगितलेलंच नाही. की सांगितलं, आणि तिनं ऐकलं नाही?

चूक झाली ती भाकरीची. कार्तिकातला सोमवार होता. आईचा उपास, देवाचं सगळं आवरून मग स्वयंपाक, अप्पांची जेवणाची सुट्टी लांबलेली. पुटाणी दारात बसून होती. आमच्या घराच्या पद्धतीनं तिचा घास शेवटी, आणि शेवट अजून लांब होता. मी अभ्यास करत होते. वर बघितलं तर ती उठून चालायला लागली होती, पण पाय वेगवेगळ्या दिशांना जात होते. मग ती आडवी झाली. डोळे उघडे, पण त्यात कुणी नव्हतं. आईनं तिला उचललं तर मान ओल्या फडक्यासारखी लोंबली.

आम्ही रिक्षानं जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी हिरड्या बघितल्या, साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळलं, सुई दिली. थोड्या वेळानं पुटाणीनं जीभ बाहेर काढली आणि बोट चाटलं.

"खाल्लं कधी होतं?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"अजून घरात कुणाचंच जेवण झालं न्हाई," आई म्हणाली. तिच्या लेखी हे पुरेसं उत्तर होतं.

बाईंना समजेना. मी अडखळत आमची पद्धत सांगितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मोठ्या कुत्र्याला चालतं. तो एक दिवस उपाशी राहिला तरी अंगातलं पुरवून पुरवून वापरतो. हिच्या अंगात साठवायला जागाच नाही. थोडं थोडं, पण दिवसातून चारदा द्या. कुणासाठी थांबवू नका."

"घरातल्या माणसांच्या आधी?" आईनं विचारलं.

"सगळ्यांच्या आधी."

आई उठली. पुटाणीला पदरात घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. तिथं आमच्याशिवाय बरीच माणसं होती आणि बहुतेकांच्या मांडीवर लहानच कुत्री होती. त्या बाकावर मी जे शिकले ते कुठल्या पेपरात येणार नाही. एक पग होता, नाक आत दाबलेला, जागेपणीही घोरत असलेला. त्याच्या मालकिणीनं सांगितलं, उन्हात याला फिरवायचं नाही, श्वास पुरत नाही, आणि मागेल तितकं खायला द्यायचं नाही, कारण तो मागायचं कधीच थांबत नाही. स्वभावानं मात्र एवढा गरीब, की घरातलं रांगतं मूल त्याच्यावर चढून बसतं. एक शित्झू होता, कपाळावरच्या केसांची शेंडी बांधलेला. ती बांधली नाही तर केस डोळ्यांत जाऊन डोळे पिकतात. एका आजोबांचा पॉमेरियन खोकत होता, घशात काही अडकल्यासारखा. त्यांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधून वर्षानुवर्षं ओढलं होतं. या जातींची श्वासनळी नाजूक असते, पट्टा छातीभोवती बांधायचा असतो, हे त्यांना आत्ता कळलं होतं. ते कुत्र्याकडे बघत नव्हते, हातातल्या पट्ट्याकडे बघत होते.

आणि चिवावा? ती एकाच माणसाची होते, बाकावर आमच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली. बाकी जगावर भुंकते. पोरांनी कवटाळलेलं तिला खपत नाही. खाटेवरून उडी मारली तर पाय मोडतो. पांघरुणात शिरून झोपते, म्हणून बसायच्या आधी पांघरूण चाचपावं लागतं. आई सगळं ऐकत होती. घरी आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे विटा आणि फळी लावून खाटेला उतार केला. दुसरी, तव्यावरची पहिली भाकरी काढून, दुधात कुस्करून, पुटाणीपुढं ठेवली. आम्ही कुणी जेवलो नव्हतो. अप्पांनी बघितलं आणि हात धुवायला गेले.

पण खरं सांगायचं ते मांडीबद्दल. पुटाणीनं आपला माणूस निवडला, आणि तो अप्पा नव्हते. आई होती. म्हातारीच्या मांडीवर वाढलेली ती, तिला मांडी हवी होती, आणि माझ्या आईला मांडी नव्हती. म्हणजे, आई कधी बसतच नसे. मला आईचं बसलेलं चित्र आठवायचंच झालं तर भाजी निवडताना उकिडवी बसलेली आठवते. पुटाणी तिच्या मागे मागे फिरायची, पायात यायची, शेवटी उभी राहून एकटक बघायची आणि थरथरायची. चौथा प्रकार. दोन-तीन दिवस आईनं तो ओळखला नाही असं दाखवलं. मग एका दुपारी ती भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. पुटाणी चढली, तीन गिरक्या घेऊन झोपली. आता उठलं तर ती जागी होणार, म्हणून आई बसून राहिली. दुपारभर. मी कॉलेजातून आले तेव्हा भांडी तशीच होती आणि आई खिडकीतून बाहेर बघत होती. "हिच्यामुळं उठता येईना बघ," ती म्हणाली. तक्रार करताना माणसाचा चेहरा असा नसतो.

त्याच सुमारास मानसशास्त्राच्या वर्गात, घरातल्या एखाद्या प्राण्याच्या वागण्याचं निरीक्षण करून यायला सांगितलं होतं. मी फोनमधला फोटो दाखवला. सानिका म्हणून एक मुलगी आहे, पुण्याहून आलेली, वडील आयटीत, बनशंकरीत मोठा फ्लॅट. मनानं वाईट नाही. ती म्हणाली, "ओ माय गॉड, चिवावा! किती क्यूट आहे गं. कोणाचा सांभाळतेस? म्हणजे, डॉग-सिटिंग करतेस का तू?"

मी पीण्याला राहते हे तिला माहीत होतं. असलं कुत्रं माझ्याजवळ दिसलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी असणार, एवढा सरळ तिचा हिशेब. एरवी मी हसले असते आणि घरी येऊन उत्तर सुचलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, तिथंच बोलले. "आमचीच आहे," मी म्हणाले. "चारदा खाते. माझी आई तिला पहिली भाकरी देते." वर्ग शांत झाला नाही, काही झालं नाही. सानिका "सो स्वीट" म्हणाली आणि तास सुरू झाला. पण माझा आवाज मला ऐकू आला होता. तो जरा भुंकण्यासारखाच होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात थोरले काका डोळे दाखवायला आले. ते अप्पांचे सगळ्यात मोठे भाऊ. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. माझं कॉलेजही त्यांनी होकार दिला म्हणून झालं, हे मला विसरता येत नाही आणि कुणी विसरूही देत नाही. त्यांच्यासमोर आई डोक्यावर पदर घेते आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून बोलते.

पुटाणी त्यांच्यावर भुंकली. काका वाकले, तिच्याकडे नीट बघितलं. त्यांना कुत्री कळतात, हे मी आधी सांगायला हवं होतं. बिजलीच्या पंजात काटा गेला तर तो दातानं काढणारा माणूस आहे तो. त्यांनी तिचे पाय बोटांनी चाचपले, जबडा उघडून दाटीवाटीनं आलेले दात बघितले, टाळूला हात लावला.

"हे माणसांचं पाप हाय," ते म्हणाले. "धावता येईना, थंडी सोसेना, उपास सोसेना. माणसानं जित्या जनावराचं खेळणं करून ठेवलंय. याचा उपयोग काय?"

मला मान्य करावं लागेल, की ते पूर्ण चूक नव्हते. दवाखान्याच्या बाकावर मलाही वाटलं होतं, की कुणाच्या तरी हौसेपायी या नाकांना श्वास पुरत नाही, या घशांना पट्टा सोसत नाही. असली कुत्री जन्माला घालावीत का, यावर मी काकांच्या बाजूनं बोलेन. पण पुटाणी जन्मली होती. ती खोलीत होती, आईच्या पायाशी. झालेल्या जिवाला उपयोग विचारायचा, हे मला कळत नाही. हाच प्रश्न ते मला माझ्या बीएबद्दलही विचारतात. मी उत्तर शोधत बसायचे. आता शोधत नाही.

दिवेलागणीला जेवायची वेळ झाली. काका आणि अप्पा पाटावर बसले, आईनं पहिली भाकरी उतरवली, बशीत कुस्करली आणि खाली ठेवली. पुटाणी खायला लागली. काकांचं ताट अजून रिकामं होतं.

"हे काय?" काका म्हणाले. ते आईशी नाही, अप्पांशी बोलत होते. "माझ्या आधी कुत्रं जेवतंय तुझ्या घरात?"

अप्पांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले. "तिला उशीर झाला तर ती... तिच्या अंगातली साखर..."

"कॉलेजात हेच शिकिवतात होय?" ते आवाज चढवत नाहीत. चढवायची गरज पडत नाही. "दादानं पाटावर ताटकळायचं आणि कुत्रीनं खायचं. उद्या जाताना मी हिला घेऊन जातो. मळ्यावर सोडतो. राहिली तर राहिली."

मळ्यावर बिजली होती आणि तिच्यासारखी आणखी दोन. सशाएवढं काही पळालं की ती काय करतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला बोलायचं होतं. घशात शब्द होते, पण वहीच्या कोपऱ्यात लिहिल्यासारखे. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "दादा, तसं..." आणि थांबले. साठीच्या मोठ्या भावापुढं पन्नाशीचा धाकटा भाऊ धाकटाच असतो.

तेव्हा आईनं तवा उतरवला. दुसरी भाकरी तिनं काकांच्या ताटात वाढली नाही, अप्पांच्याही नाही. एक थाळी घेतली, त्यात भाकरी ठेवली, शेंगदाण्याची चटणी घेतली, वांग्याची भाजी घेतली. मग ती दाराआडून बाहेर आली आणि काकांच्या समोर, भिंतीला टेकून, खाली बसली. पदर डोक्यावर होता. पुटाणी बशी चाटून झाली होती, ती येऊन मांडीवर चढली, तीन गिरक्या घेतल्या आणि गोल झाली. आईनं घास मोडला.

मी आईला पहिल्यांदा गरम भाकरी खाताना बघत होते. भाकरीतून वाफ निघत होती.

"भावजी," ती म्हणाली, आणि ती थेट त्यांच्याशी बोलली. "कुत्री कुठं जाणार न्हाई. आमच्या घरात ज्याला थांबणं सोसत न्हाई, ते आधी जेवतं. हिला सोसत न्हाई. आणि मलाबी आता सोसत न्हाई. माझं झालं की तुम्हाला वाढते."

काका उठून जातील असं मला वाटलं. तसे गेले असते तर आम्हाला गावात तोंड दाखवता आलं नसतं, आणि माझं कॉलेज, ते काय झालं असतं कोण जाणे. ते आईकडे बघत राहिले. मग तिच्या मांडीकडे. पुटाणीनं डोळे न उघडता बारीकशी गुरगुर केली.

"मग आटपा की," काका शेवटी म्हणाले. "भूक लागलीया मला."

"घास चावून खायचा असतो, भावजी," आई म्हणाली आणि तिनं दुसरा घास मोडला.

अप्पांनी तोंडावर हात धरला. ते खोकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका गेले, एकटे. पुढच्या आठवड्यातले पेपर मी कसे लिहिले मला आठवत नाही, पण पास झाले. पुढं कुणी माफी मागितली नाही, कुणी कुणाला क्षमा केली नाही. ते फोनवर अप्पांशी बोलतात, आईशी बोलत नाहीत, बिजलीला पिल्लं झाली ते मात्र त्यांनी मला सांगितलं. गावात आमच्याबद्दल बोलतात, की शहरात जाऊन कुत्र्याच्या पंगतीला बसले. बोलू देत. पुटाणी आता सकाळी उन्हाचा तुकडा जमिनीवर पडायची वाट बघते आणि तो सरकेल तशी सरकते. तिचे दोन दात काढावे लागले. गल्लीतल्या टेम्पोंना ती अजूनही थांबवते. आमच्या खोलीत तिच्यासाठी जागा आहे का, असं घरमालकीणबाई अधूनमधून विचारतात, "स्वल्प अडजस्ट माडी", थोडं जमवून घ्या, म्हणून आम्ही तिला पाठवून द्यावं असं सुचवतात. आई म्हणते, अडजस्ट आम्ही करतोच आहोत, अक्का, तिच्याशी.

शेंगा आल्या आहेत. पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा आहे आणि काल फोन आला, काका यंदाही डोळे दाखवायला येतायत. अप्पा घाईघाईनं विचारत होते, स्वयंपाक कधी करायचा, काय करायचं, दादाला काय आवडतं. आई पुटाणीचे कान पुसत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"त्यांची गाडी संध्याकाळी उशिरा पोचती," ती म्हणाली. "आपण जेवून घेऊ."